जिनिंगमध्ये आलेली सून

ही गोष्ट सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. बायको विचारायची, मुलं विचारायची, तुमच्या जिनिंगमधल्या बायांचं काम कसं गेलं हो. मी प्रत्येक वेळी त्या बायांच्या गमती सांगायला लागायचो. गमती भरपूर होत्या. एकीतून दुसरी निघायची, विचारणारा पोट धरून हसायचा आणि आपण काय विचारलं होतं तेच विसरून उठून जायचा. मला तेच हवं असायचं.

आमच्या आदिलाबादच्या वस्तीत मात्र या प्रश्नाचं उत्तर कधीच ठरून गेलं आहे. तिथं म्हणतात, मावशीनं शेठकडून साडी घेतली आणि त्या साडीच्या बदल्यात सगळ्या बायांचं काम विकलं. हे खोटं आहे. साडी मिळाली हे खरं. ती मीच तिच्या हातात नेऊन दिली. पण ती कशाबद्दल मिळाली, आणि मशीन आल्यावर बायांचं काय होणार हे आधीपासून कोणाला माहीत होतं, ते आता लिहून ठेवतो. ते मला माहीत होतं.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. बेल्याकडच्या माझ्या आईच्या गावची. दोघींनी लहानपणी दुसऱ्यांच्या शेतात एकत्र निंदण केलं, पुढं दोघीही लग्न होऊन आदिलाबादच्या एकाच वस्तीत आल्या. म्हणून मी तिला मावशी म्हणायचो, आणि मी म्हणतो म्हणून जिनिंगमधले सगळे म्हणायचे. शेठ तिच्याहून वयानं मोठे होते, तेही मावशीच म्हणायचे.

मी फिटरचं शिकून घरी बसलो होतो तेव्हा तिनंच मला शेठसमोर नेऊन उभं केलं. "शेठजी, ये मेरा भांजा. मशीन का डाक्टर है. हात लगाया तो मशीन उठके बैठती." शेठनी मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, याआधी कुठं काम केलं. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "अभी तक कोई मशीन बीमारच नहीं पड़ी, तो क्या करेगा बिचारा." शेठ हसले. दुसऱ्या दिवसापासून मी मिस्त्री.

जिनिंगचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाहेरच्या आवारात शेतकऱ्यांच्या गाड्या कापूस ओतून जायच्या. बाया तो टोपल्यांत भरून डोक्यावरून आत आणायच्या. आत एका लांब ओट्यावर जिनच्या मशिनी ओळीनं उभ्या. प्रत्येकीपुढं एक बाई, आणि ती हातानं कापूस मशीनच्या तोंडात सारत राहायची. आत दोन रूळ फिरायचे. रुई एका बाजूनं पांढरी होऊन निघायची, सरकी खाली गळायची. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हे चालायचं. मग जिनिंग बंद, आणि आम्ही सगळे पुढच्या दसऱ्यापर्यंत मिळेल ते करायला मोकळे.

बायांनी प्रत्येक मशीनला नाव ठेवलं होतं. दाराजवळची पहिली ती सासू, कारण कितीही घातलं तरी खायची आणि खाताना कुरकुरायची. तिच्या पलीकडं जावई. त्याला वेळेवर तेल मिळालं नाही की तो रुसून बसायचा. मधल्या दोघींचा खडखडाट एकदमच सुरू व्हायचा आणि एकदमच थांबायचा, म्हणून त्या नणंदा. एक होता तहसीलदार. त्याच्याभोवती चार चकरा मारल्याशिवाय तो हलायचाच नाही. शेवटची मशीन पदर ओढायची. तिच्यापुढं एक तेलुगू बाई असायची, तिनं त्या मशीनचं नाव बावा ठेवलं होतं. तेलुगूत बावा म्हणजे ज्याच्याशी थट्टा चालते तो नातेवाईक. पदर ओढला की ती मशीनला चापट मारायची आणि तेलुगूत असं काही बोलायची की ज्यांना तेलुगू कळत नव्हतं त्याही हसायच्या.

मला निरोप यायचे ते असेच. "मिस्त्री, जावई रुसून राह्यला." "मिस्त्री, सासूचं डोकं तापलं, पाह्य ते." एकदा हैदराबादहून कारखाने तपासणारे एक साहेब आले होते. ते ओट्याजवळ उभे असताना मावशी लांबून ओरडली, "अबे, सासूच्या तोंडात हात घालून पाह्य, दात पडला वाटते." साहेबांना थोडं मराठी कळत होतं. त्यांनी दचकून तेलुगू बाईला विचारलं की कोणाच्या सासूला काय झालं. ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली की आमची सासू फार म्हातारी आहे, सकाळपासून कापूस खाते आहे. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल यावर आम्ही तो पूर्ण हंगाम हसलो.

संध्याकाळी बाया बाहेर पडायच्या तेव्हा सगळ्यांचे केस, भुवया, पापण्या रुईनं पांढऱ्या झालेल्या असायच्या. नुकतं लग्न झालेली एक पोरगी होती, उखाणे घेण्यात तरबेज. तिला मावशी म्हणायची, "घरी जाऊन नवऱ्याले आवाज दे आधी. नाई तं तो समजन त्याची आजी आली." ती म्हणायची, "मावशे, मंग तुले पाहून तं यमच समजन की इले मी नेली होती, परत कशी आली." आणि या अशा बोलत बोलत वस्तीपर्यंत जायच्या. रस्त्यातले लोक थांबून बघायचे.

पण ती रुई नुसती केसांत जात नव्हती. ती छातीतही जायची. पहाटे वस्तीत कोणत्या घरातून खोकला येतो यावरून कोणती बाई जिनिंगमध्ये जाते ते कळायचं. टोपल्या उचलून मावशीचा उजवा खांदा उतरला होता, केस विंचरताना तिला हात वर नेता यायचा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नवी मशीन येणार हे कळलं तेव्हा मी खरोखर खूश झालो होतो. त्यात लबाडी नव्हती. मला मशिनी आवडायच्या. अजूनही आवडतात.

तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो, तेलंगण वेगळं व्हायला बराच अवकाश होता. पैनगंगेपलीकडं महाराष्ट्रात काही जिनिंगनी नवी व्यवस्था बसवली होती. शेठ मला ती दाखवायला गाडीतून घेऊन गेले. मी पाहतच राहिलो. आवारातला कापूस एक जाड पाइप हवेनं ओढून घेत होता. तो छताखालून वाहत जात होता आणि प्रत्येक मशीनच्या डोक्यावर बसवलेल्या पेटीतून आपोआप, पाहिजे तेवढाच, खाली पडत होता. डोक्यावर टोपलं नाही, तोंडावर फडकं नाही. एका खोलीत एक माणूस बटणांसमोर खुर्ची टाकून बसला होता. मला ती खुर्ची फार आवडली.

परतताना नदीच्या पुलाजवळ चहाला थांबलो. शेठनी बशीत चहा ओतला आणि सांगितलं, "अपने यहाँ भी लगा रहे हैं. तुम सीख लो. अगले सीज़न से तुम्हारी बारा महीने की नौकरी."

मी विचारलं, "और बाइयाँ?"

"बाइयों का क्या काम फिर? झाड़ू के लिए दो-तीन रख लेंगे."

"मावशी?"

"मावशी की उमर हो गई, बैठने दो घर." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "अभी किसी को बोलना मत. इस साल आधी मशीनों पे ही लगेगा. बीच सीज़न में उठके चली गईं तो बाकी आधी पे माल कौन डालेगा?"

शेठ वाईट माणूस नव्हते. बायांच्या घरी लग्न असलं की येऊन जेवून जायचे. त्यांच्यापुढं त्यांचा हिशेब होता. पलीकडच्या जिनिंगवाले स्वस्तात रुई काढत होते, आणि तसं केलं नाही तर आपलं दार बंद होईल असं ते म्हणायचे. तेही खोटं नसावं. पण मी इथं त्यांची बाजू मांडायला बसलो नाही. माझं सांगतो. बायकोला दिवस गेले होते. पावसाळ्यात मी पंप दुरुस्त करत गावोगाव फिरायचो, आणि बारा महीने हे दोन शब्द माझ्या डोक्यात घरापर्यंत वाजत राहिले.

त्याच आठवड्यात बेला रस्त्यावरच्या एका दुसऱ्या जिनिंगचा मुनीम मावशीकडं आला. त्यांच्याकडं हातानंच काम चालायचं आणि पुढंही चालणार होतं. त्यांना कामात मुरलेल्या बायांचा पुरा ताफा पाहिजे होता. आमच्या बाया मावशीच्या शब्दावर चालायच्या. ती चला म्हणाली असती, तर सगळ्या गेल्या असत्या. दुपारच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि सरळ विचारलं.

"काऊन रे बाप्पा, मशीन येऊन राह्यली म्हनतात. तू तं पाहून आला. मंग आमी जाऊ का राहू?"

मी म्हणालो, "राय मावशी."

"पक्कं?"

"पक्कं. टोपलं उचलनं बंद होईन तुमचं. बसून कवडी-पत्ती येचाची, बस."

कवडी-पत्ती म्हणजे कापसातला किडका भाग आणि पालापाचोळा. तो वेचायचं बसून करायचं काम. नव्या मशीनमध्ये तेही नव्हतं, पण त्या क्षणी मला ते सुचलं. ती खूश झाली. खांद्याला हात लावून म्हणाली, "चांगलं झालं माय. हा खांदा तं मशीनच्या नावानं दुआ देईन." त्याच संध्याकाळी तिनं मुनीमाला नाही म्हणून कळवलं, आणि बायांना सांगितलं की आपण इथंच राहायचं.

मशीन नागपूरकडून ट्रकनं येणार होती. मला ट्रकबरोबर यायला पाठवलं होतं. आम्ही आवारात शिरलो तर शेडच्या दाराला झेंडूची तोरणं. शेठनी पूजेसाठी महाराजांना बोलावलं होतं. महाराजांनी नारळ फोडला, मंत्र म्हटले. आमच्या बाया, बऱ्याचशा बौद्ध घरांतल्या, बाजूला उभ्या राहून बघत होत्या. महाराज आटपले तेव्हा मावशी पुढं आली. म्हणाली, "शेठजी, पूजा आपकी हो गई. हम लोग पूजा-बिजा नहीं करते. पण सून आली तं तिले दारातून अशीच आत कशी घ्याची?"

शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी समजावून सांगितलं की मशिनींच्या घरात सासू आहे, जावई आहे, नणंदा आहेत. सून तेवढी नव्हती, ती आज आली. शेठ इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. म्हणाले, "करो, करो, जो करना है."

मग जे झालं तसं मी पुन्हा कुठल्या कारखान्यात पाहिलं नाही. पेटीसारखा तो मोठा लोखंडी भाग आम्ही पाइपांवर ठेवून ढकलत दारापर्यंत आणला. खऱ्या सुनेपुढं उंबरठ्यावर धान्याचं माप ठेवतात आणि ती पायानं लवंडून आत येते. इथं बायांनी कापसानं काठोकाठ भरलेलं टोपलं ठेवलं. मशीनला पाय नाहीत, तर मावशीनं आम्हाला हुकूम सोडला, "हळू ढकला रे, पोरगी नवी हाय." पेटीच्या कोपऱ्यानं टोपलं लवंडलं, कापूस आत पसरला आणि बायांनी एकच गलका केला. मावशीनं ताट घेऊन ओवाळलं. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्या हातानं.

"आता नाव घेऊ द्या तिले," तेलुगू बाई म्हणाली. तिला आमच्या लग्नांतलं सगळं माहीत होतं.

"तिले बोलता येत नाई."

"मंग तिच्याकडून कोनी घ्या."

"पन नवरा कोन तिचा?"

"शेठजी, अजून कोन. तेच घेऊन आले ना."

उखाणेवाली पोरगी पुढं ढकलली गेली. तिनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि लाजत म्हणाली:

"आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या गाड्या,
शेठजींचं नाव घेते, नेसवा आमाले साड्या."

महाराजही हसले. शेठनी विचारलं, क्या बोली. मी अर्थ सांगितला. बायांच्या गलक्यात ते मलाच म्हणाले, "ओवाळा किसने? मावशी ने? तो मावशी की साड़ी पक्की." ही ती साडी. ओवाळणाऱ्या बाईचा मान. एवढंच तिचं कारण.

इथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण मावशीला आठवलं की मी मशीनबरोबर आलो, म्हणजे नवरीचा भाऊ झालो. आणि आमच्या लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. "चाल, कान पिळ," ती म्हणाली. मी नाही म्हणालो, मागं सरलो. बायांनी मला पाठीमागून रेटत शेठसमोर आणलं. शेठनी मजेत मान वाकवली आणि कान पुढं केला. मी दोन बोटांनी कान धरला. सगळी शेड हसत होती, सासू-जावई बंद होते, त्यामुळं ते हसणं छतापर्यंत जाऊन परत खाली येत होतं. शेठ वाकल्यामुळं त्यांचं तोंड माझ्या खांद्याजवळ होतं. हसत हसतच ते हळू आवाजात म्हणाले, "मुँह बंद है ना?"

मी मान हलवली. बायांना वाटलं, नवरदेवानं काहीतरी कबूल केलं. "काय देतो म्हनला रे?" एक ओरडली.

"बारा महिने सुखात ठेवीन म्हनते," मी म्हणालो.

बाया टाळ्या वाजवून हसल्या. मीही हसलो. त्यानंतर मिळालेले पेढे मी खाल्ले. चव चांगली होती हे मला अजून आठवतं, आणि ते आठवतं याचीच लाज वाटते.

चार दिवसांनी शेठनी साडी माझ्या हातात दिली. हिरवी, मोठ्या काठाची. मी ती जिनिंगमध्ये सगळ्यांसमोर द्यायला पाहिजे होती. पण बायांकडं बघायचं मी टाळत होतो, म्हणून संध्याकाळी वस्तीत जाऊन तिच्या घरी दिली. दारात दोघीचौघी बसल्या होत्या, त्यांनी पिशवी आत जाताना पाहिली. या एवढ्यानंच पुढं सगळं झालं.

उरलेला हंगाम मजेत गेला. नवी व्यवस्था अर्ध्या मशिनींवर बसली, उरलेल्या अर्ध्यांवर बाया हातानंच कापूस घालत होत्या. पहिल्यांदा पंखा चालू केला तेव्हा पाइपनं तेलुगू बाईचं डोक्यावरचं फडकं ओढून नेलं. ते छताखालून सुसाट गेलं आणि थेट तहसीलदाराच्या तोंडावर जाऊन पडलं. ती म्हणाली, "बघा, अर्ज न देता तहसीलदाराले भेटलं." सून दिसायला भारी पण कामाला कशी आहे, यावर रोज चर्चा व्हायची. ती एकसारखी खायची, कुरकुरायची नाही, रुसायची नाही. सासूची बाजू घेणाऱ्या बाया म्हणायच्या, अशा अबोल सुनेचा भरवसा नाही. मावशी नव्या सुनेची बाजू घ्यायची. "तुमाले जळून राह्यलं. एवढी कामाची सून कोनाच्या घरी हाय?"

मी खुर्चीत बसायला शिकलो. काचेतून मला ओटा दिसायचा. सांगायचं असतं तर रोज वेळ होती. बेला रस्त्यावरची जिनिंग तेव्हाही बाया घेत होती. मी रोज स्वतःला म्हणायचो, हंगाम संपू दे.

हंगाम संपला, जिनिंग बंद झाली, पावसाळा गेला. उरलेल्या मशिनींवरही पेट्या बसल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाया नेहमीसारख्या आल्या, नव्या फडक्यांच्या घड्या हातात घेऊन. फाटक अर्धंच उघडं होतं. शेठ बाहेर आले, हात जोडले आणि सांगितलं की यंदा गरज नाही. दोघी-तिघी झाडायला थांबू शकतात.

त्यांतलीच एक, मावशीच्या शेजारची, तिच्याकडं वळून म्हणाली, "तुले माईत होतं ना गं?"

"मले? मले कसं माईत राहीन?"

"तूच म्हनली राहा. तूच ओवाळून आत घेतली तिले. मंग साडी कायची आली तुह्या घरी, संध्याकाळी, पिशवीत?"

मी फाटकाच्या आत उभा होतो, हातात पाना होता. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी म्हणालो असतो की तिला मी सांगितलं होतं राहा, आणि मला माहीत होतं, तर तिथल्या तिथं सगळं संपलं असतं. मी पान्याकडं बघत राहिलो. तिनंही माझं नाव घेतलं नाही. आपला मिस्त्री म्हणाला होता, एवढं बोलली असती तरी पुरे होतं. ती म्हणाली, "साडी मानाची होती माय." कोणालाच ते पटलं नाही.

बेला रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये तोवर दुसऱ्या बाया लागल्या होत्या. आमच्या बायांपैकी काही कापूस वेचायला शेतांत गेल्या, काही बांधकामावर. उखाणेवाली पोरगी नवऱ्याबरोबर निजामाबादकडं निघून गेली. मावशीशी वस्तीत कोणी नीट बोलेना. वर्षाच्या आत ती तामसीकडच्या एका गावात लेकीकडं राहायला गेली. मी बारा महिन्यांच्या नोकरीत कायम झालो. मुलं शिकली, एक कारकून झाला, मुलगी शिक्षिका आहे. घर बांधलं. मशिनींचा खडखडाट तसाच होता, पण शेडमध्ये कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. नवीन आलेल्या मजुरांनी सासूला एक नंबर म्हणायला सुरुवात केली, आणि मीही म्हणायला लागलो.

आता मला कोणी विचारतं, मशीन आली ते वाईट झालं का. मी वाईट म्हणत नाही. पहाटेचा तो खोकला वस्तीतून गेला. पण तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर बायांच्या हातचं कामही गेलं, आणि ते जाणार हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी आपलं बघितलं असतं. त्या काही बसून राहणाऱ्या बाया नव्हत्या.

निवृत्त झाल्यावर एकदा मी तामसीच्या बसमध्ये बसलो. काय बोलायचं ते वाटेत मनातल्या मनात कितीदा तरी जुळवलं. मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हातारी झाली होती पण नजर चांगली. मला बघून म्हणाली, "अबे, डाक्टर. रस्ता चुकला का मेला कोनी?"

तिनं मला जेवायला बसवलं. भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, वरून कच्च्या तेलाची धार. शेजारच्या बायांना बोलावून सांगितलं की हा माझा भाचा, मशीनचा मोठा इंजिनेर आहे. मी मिस्त्री होतो हे सांगायची सोय ठेवली नाही. तिची नात शिकत होती, ती पाणी घेऊन आली. बायांनी घेरून टाकल्यामुळं मला बोलायला सवडच मिळेना. शेवटी त्या गेल्या आणि मी घसा साफ केला.

"मावशी, एक गोष्ट हाय. लय दिवसांची मनात होती."

ती थांबली. माझ्याकडं नीट बघितलं, मग नातीकडं बघितलं.

"बोलाले जड जाऊन राह्यलं," मी म्हणालो. "तू नाई म्हनू नको."

"मले समजलं," ती म्हणाली. "पन ऐक बाप्पा, पोरगी शिकून राह्यली. आताच नाई करत आमी तिचं. तुहा पोरगा चांगला असन, मी कुठं नाई म्हनते. पन तिले मास्तरीन होऊ दे आधी."

मी सोयरीक घेऊन आलो असं तिला वाटलं होतं. नात आत पळाली. मी म्हणालो, मावशी, माझ्या पोराचं लग्न होऊन त्याला दोन पोरं आहेत. ती हसायला लागली. तिचं हसणं थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मलाही आवरेना. आतून नातीच्याही हसण्याचा आवाज आला. तशा हसण्यात मी तो विषय कुठून काढणार होतो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मंग कोनती गोष्ट होती रे?" आणि मी म्हणालो, "काई नाई. तुले पाहाचं होतं." बस सुटायची वेळ झाली होती. ती रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि माझ्या पिशवीत तुरीच्या शेंगा भरून दिल्या.

मी पुन्हा जाईन म्हणालो होतो. गेलो तो तिच्या शोकसभेलाच. बुद्धवंदना झाली, पोरांनी तिच्या गमती सांगितल्या, लोक हसले. त्यात वस्तीतून आलेली एक म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाई लय हसमुख. पन साडीच्या पायी सगळ्याइचं काम घालवलं." मी उठून निघालो. घरी येऊन हे लिहायला घेतलं.

त्या बसमध्ये जे जुळवलं होतं, ते एवढंच होतं.

मावशी, तू मले इचारलं जाऊ का राहू, तेव्हा मले सगळं माईत होतं. तुमचं काम जानार हाय हे शेठनं मले आधीच सांगितलं होतं. तरी मी तुले राय म्हनलो, माह्या नोकरीसाठी. फाटकात तू माह्याकडं पाह्यलं तेव्हाबी मी बोललो नाई. तुह्यावर आळ आला तो माहा होता. मले माफ कर.